पुढचा भाग उडणारी जुनी पिकअप : आधी निदान, मग खर्च



उसाचे पान पिवळे पडले की आपल्यापैकी पुष्कळजण पहिल्यांदा युरियाच्या पोत्याला हात घालतात. आम्ही बांधावर आलो की आधी विचारतो, पिवळे पडले ते पान कोवळे की जुने? खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्र कमी पडले. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी-पांढरी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी पडले, म्हणजे केवडा. केवड्यावर युरिया ओतला तर पैसा जातो आणि ऊस होता तिथेच राहतो. एवढे आता बहुतेक सभासदांना पाठ झाले आहे.

पण हेच सभासद, पिकअपचा पुढचा भाग उड्या मारू लागला की गॅरेजात जाऊन सांगतात, "मिस्त्री, पुढं एकेक पाटा वाढवा." हा केवड्यावर टाकलेला युरियाच आहे. किंबहुना त्याहून वाईट, कारण चुकीच्या युरियाने माणूस मरत नाही.

आपल्या कार्यक्षेत्रात जवळजवळ प्रत्येक वस्तीवर एखादी जुनी पिकअप आहे. ऊस ट्रॅक्टर आणि बैलगाडीने कारखान्यावर येतो. पण बेणे, रोपांचे ट्रे, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, दुधाची कॅन हा सारा वर्षभराचा व्याप पिकअपच ओढते. लागणीची धांदल सुरू होण्यापूर्वी या गाडीचा पुढचा भाग कसा तपासावा, आणि तोही बहुतांशी घरच्या घरी व फुकटात, हे सांगण्यासाठी या वेळचा लेख आहे. आम्ही शेतकी पदविकेचे. गाडीची विद्या आमची नव्हे. पण ही गोष्ट आम्ही एका चुकीतून शिकलो आणि ती चूक आमची स्वतःची होती.

आमची चूक

सन २०२२ च्या आडसाली लागणीत आमच्या विभागाच्या जुन्या पिकअपमधून रोपवाटिकेतली रोपे सभासदांच्या शेतावर पोहोचविली जात होती. दोन-चार ठिकाणांहून एकच तक्रार आली. "साहेब, रोपं ट्रेमधनं सुटून येत्यात, मुळाला मातीच राहत नाही." आम्ही रोपवाटिकेला दोष दिला. ड्रायव्हर मात्र म्हणाला, "रोपवाटिकेचं काय नाही साहेब. गाडीचा पुढा लई उडतोय."

आम्ही गाडी तालुक्याच्या गावी एका गॅरेजात पाठविली आणि दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला. कागदावर सही आमचीच. गाडी परत आली तेव्हा पुढचा भाग दोन बोटे उंच दिसत होता. आम्हांला वाटले, काम झाले.

पंधरवडा गेला नाही तोच कालव्याच्या भरावावरून जाताना मोरीवर गाडी आदळली, पुढची चाके उडाली आणि उडतच राहिली. ड्रायव्हरने स्टेअरिंग फिरविले, पण गाडी वळली नाही. थांबली तेव्हा डावे चाक भरावाच्या कडेवर होते आणि खाली कालवा भरून वाहत होता. मागे ट्रे होते आणि ट्रेंबरोबर लागणीला निघालेल्या चार बायका होत्या. त्यांना बसवू नये हे आम्हांला ठाऊक होते, तरीही बसविले होते. कोणाला इजा झाली नाही. त्यांतल्या वडीलधाऱ्या बाई खाली उतरल्या, सांडलेले ट्रे गोळा करू लागलेल्या पोराला म्हणाल्या, "असू दे. रोपं दुसरी मिळतील."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या वाहन विभागातल्या जुन्या फिटरमामांनी गाडीखाली घोंगडे टाकले. पुढचे दोन्ही शॉकअप निकामी झालेले होते. एकातून तेल गळून त्यावर धुळीचा थर बसला होता. वाढविलेल्या पाट्याचे यू-बोल्टही ढिले झाले होते. मामा बाहेर आले, हात पुसत म्हणाले, "साहेब, बैलाला कासरा नव्हता. तुम्ही कासरा घालायचा सोडून अजून एक बैल जुंपला."

पाट्याचे काम वेगळे, शॉकअपचे वेगळे

मामांचे हे एक वाक्य समजले की निम्मे निदान झाले.

पाटा ओझे पेलतो. चाक खड्ड्यात गेले किंवा दगडावर चढले की पाटा दबतो आणि धक्का अंगावर घेतो. पण घेतलेला धक्का तो जिरवत नाही, परत देतो. दबलेला पाटा उसळतो, उसळून पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. झोपाळ्याला एकदा झोका दिला की तो कितीतरी वेळ हलत राहतो, तसे.

हा झोका थांबविण्याचे काम शॉकअपचे. शॉकअपच्या नळीत तेल असते आणि आत दट्ट्या असतो. दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. चाक वर-खाली होताना तेलाला त्या बारीक छिद्रांतून जावे लागते, ते सहजी जात नाही, म्हणून हालचाल मंदावते. उडीतला जोर तेलात जिरतो आणि त्याची ऊब होते. शॉकअप ओझे पेलत नाही. पाट्याच्या गाडीचे चारही शॉकअप काढून टाकले तरी गाडी खाली बसणार नाही. फक्त उडत राहील.

पाट्यांचे थर एकमेकांवर घासतात, त्या घासण्यानेही थोडी उडी मरते. म्हणून जुन्या जीपच्या बनावटीच्या गाड्यांत शॉकअप हळूहळू मेला तरी मालकाला पहिले काही महिने जाणवत नाही.

आता शॉकअप मेलेला असताना पाटा वाढविला तर काय होते? पाटा अधिक ताठ होतो, अधिक जोराने उसळतो आणि त्याला आवरणारे कोणी नसते. पुढचा भाग उंच झाल्यामुळे शॉकअप आधीच ताणलेला राहतो, खड्ड्यात चाक खाली लोंबले की तो पुरता ताणून तुटू शकतो. आणि जमिनीवरून उचललेले चाक वळतही नाही आणि ब्रेकही धरत नाही. कालव्यावर आमच्या ड्रायव्हरने स्टेअरिंग फिरविले तेव्हा चाके हवेत होती. फिरवून उपयोग काय?

आधी विचारायचे चार प्रश्न

गाडीला हात लावण्यापूर्वी चालविणाऱ्याला विचारावे :

एक, गाडी कधी उडते? रिकामी असताना, भरलेली असताना, की दोन्ही वेळी? पिकअपचे पाटे ओझ्यासाठी बनविलेले असतात. रिकामी पिकअप थोडी उडणारच, तो दोष नव्हे. पूर्वी उडत नव्हती आणि आता उडते, हे खरे लक्षण.

दोन, खड्डा गेल्यावर एकदा उडून शांत होते, की तीन-चार वेळा डुलत राहते? एकदाच जोरात आदळत असेल तर गाडी कडक आहे. डुलत राहत असेल तर शॉकअपवर संशय घ्यावा.

तीन, ठराविक वेगालाच थरथरते का? सपाट डांबरी रस्त्यावर ठराविक वेगाला थरथर सुरू होऊन वेग बदलला की थांबत असेल, तर दोष बहुधा चाकात किंवा टायरात आहे.

चार, हे कशानंतर सुरू झाले? टायर बदलले, हवा भरली, पाटे उतरविले, की कुठे जोरात आदळली? पुष्कळदा उत्तर इथेच सापडते.

पहिली तपासणी : हवा

सर्वांत स्वस्त कारण सर्वांत आधी पाहावे. पिकअपला पुढच्या व मागच्या चाकांत सारखी हवा लागत नाही. मागे ओझे येते म्हणून बहुतेक पिकअपना मागे बरीच जास्त हवा सांगितलेली असते. पंक्चरच्या दुकानात घाईत चारही चाकांत मागच्या आकड्याची हवा भरली जाते. मग पुढचे टायर फुगलेल्या चेंडूसारखे होतात आणि प्रत्येक खड्यावरून गाडी टुणकन उडते. कित्येक गाड्यांचे "शॉकअप गेले" हे निदान दहा पौंड हवा सोडल्यावर खोटे ठरते.

आपल्या गाडीचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, रोजची हवा नव्हे. हवा सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी मोजावी. चालून तापलेल्या टायरात आकडा वाढलेला दिसतो.

नायलॉनचे टायर असलेली गाडी रात्रभर एका जागी उभी राहिली तर टायरचा खालचा भाग किंचित चपटा बसतो. सकाळी पहिले दोन-चार किलोमीटर गाडी ठकठक उडते आणि टायर तापल्यावर ठीक होते. एवढेच होत असेल तर खर्च करू नये.

दुसरी तपासणी : ओझे कुठे आहे

पाठीमागचे फळके उघडून ओझे मागच्या चाकांच्याही मागे ठेवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. बेणे किंवा ठिबकच्या नळ्या लांब असल्या की हमखास. हे ओझे पुढच्या चाकांवर येत नाही, उलट पुढची चाके उचलते. एका बाजूला भार दिला की दुसरी बाजू उचलते, तोच प्रकार.

हिशेब करून पाहा. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे. मागच्या चाकांच्या अर्धा मीटर मागे डीएपीची चार पोती, म्हणजे २०० किलो ठेवले. तर पुढच्या चाकांवरचा भार २०० गुणिले अर्धा भागिले अडीच, म्हणजे ४० किलोने कमी होतो. पोती जितकी मागे, तितका पुढचा भाग हलका. हलका झालेला पुढचा भाग उडतो आणि स्टेअरिंग तरंगल्यासारखे लागते. म्हणून जड माल केबिनच्या पाठीशी लावून ठेवावा, हलका मागे. वीस पोती डीएपी म्हणजे एक टन, हेही लक्षात असावे. परवान्यापेक्षा जास्त भरलेल्या गाडीचे निदान करण्यात अर्थ नसतो, आधी ओझे उतरवावे.

तिसरी तपासणी : डोळ्यांनी आणि हाताने

गाडी सपाट जागी, रिकामी उभी करावी. समोरून पाहावे. एक बाजू खाली झुकलेली आहे का? असल्यास त्या बाजूचा पाटा बसला किंवा तुटला असण्याचा संभव आहे.

मग पुढच्या टायरवरून तळहात फिरवावा, गोलाकार दिशेने. नक्षी जागोजागी वाटीसारखी खोलगट झिजलेली लागली तर चाक बरेच दिवस उडत-आपटत चालले आहे, म्हणजे शॉकअप बरेच दिवस मेलेला आहे. टायर फक्त आतल्या किंवा बाहेरच्या कडेला झिजला असेल तर तो चाकांच्या रोखाचा दोष, त्याला अलाइनमेंट लागेल. टायरला कुठे फुगवटा आला असेल तर तो टायर ताबडतोब बदलावा.

आता शॉकअप पाहावा. नळीवर तेलाचे ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तो गेला. किंचित ओलसरपणा मात्र चालतो. वर-खाली जिथे तो बांधलेला आहे तिथले रबरी बुश पाहावेत. बुश झिजून भोक मोठे झाले असेल तर शॉकअप चांगला असूनही खडखडतो, आणि थोडी हालचाल तर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी शंभर-दोनशे रुपयांचा बुश लागतो, शॉकअपची जोडी नव्हे.

चौथी तपासणी : दाबणे आणि हात लावून पाहणे

बंपरवर दोघांनी जोर देऊन पुढचा भाग तीन-चार वेळा दाबावा आणि वर येताना सोडून द्यावा. गाडी वर येऊन एकदा खाली बसली आणि थांबली तर बरे. दोन-तीन वेळा डुलली तर शॉकअप कमजोर आहे. पण पिकअपचे पाटे ताठ असतात, ते माणसाच्या जोराने फारसे दबत नाहीत. म्हणून या चाचणीत गाडी पास झाली तरी शॉकअप चांगलाच आहे असे समजू नये.

फिटरमामांची दुसरी चाचणी आम्हांला अधिक पटली. आठ-दहा किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवून आणावी, थांबवावी, हँडब्रेक लावून लगेच एकेका शॉकअपच्या नळीला हाताने स्पर्श करावा. आधी बोट नुसते टेकवून पाहावे, आणि जवळच्या सायलेन्सरच्या नळीपासून हात जपावा. जो शॉकअप काम करतो तो कोमट-गरम लागतो, कारण उडीतला जोर त्याच्या तेलात जिरलेला असतो. जो थंड लागतो त्याने कामच केलेले नाही. पुढचा डावा गरम आणि उजवा गार, म्हणजे उजवा मेला. फुकटात होणारी याहून सोपी परीक्षा आम्हांला माहीत नाही.

तरीही शंका राहिली तर शॉकअप उतरवून उभा धरावा आणि दट्ट्या हाताने ओढावा, दाबावा. सर्व लांबीभर सारखा प्रतिकार लागला पाहिजे, ओढताना बहुधा जास्त. मध्येच सैल जागा लागली किंवा सायकलच्या पंपासारखा सुळकन गेला तर तो बाद. दाबून सोडल्यावर आपोआप वर येतो तो गॅसचा शॉकअप; साध्या तेलाचा वर येत नाही. "वर येत नाही म्हणजे गेला" असे सांगून साधा चांगला शॉकअप भंगारात काढणारेही आहेत, सावध राहावे.

शॉकअप बदलायचे तर पुढची जोडी एकदमच बदलावी. एक नवा आणि एक जुना बसविला तर गाडी एका बाजूने आवरली जाते आणि दुसऱ्या बाजूने उडते. लांबी आणि बनावट आपल्या गाडीचीच घ्यावी. नवा साध्या तेलाचा शॉकअप बसविण्यापूर्वी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढून-दाबून घ्यावा, म्हणजे आडवा पडून आत शिरलेली हवा निघून जाते. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. लोंबत्या चाकावर आवळले तर रबर पिळून लवकर फाटते.

पाचवी तपासणी : पाटे आणि त्यांचे बंध

शॉकअप चांगले निघाले तर मग पाट्यांकडे वळावे. इथे गाडीखाली शिरावे लागते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. चासीखाली मजबूत ठोकळे किंवा स्टँड आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय तर नाहीच.

पाटे तारेच्या ब्रशने साफ करून टॉर्चच्या उजेडात पाहावेत. तडा बहुधा मधल्या बोल्टाजवळ पडतो, कारण तिथे भोक असते. खालचा एखादा छोटा पाटा तुटला असेल तर तेवढाच बदलता येतो. पण सर्वांत वरचा मुख्य पाटा तडकलेला दिसला तर गाडी तिथेच उभी करावी. तो पाटा नुसते ओझे पेलत नाही, एक्सलला जागेवर धरून ठेवतो. तो तुटला की चाक मागे सरकते.

पाट्याच्या एका टोकाला शॅकल असते, म्हणजे हलती कडी. पाटा दबला की तो सरळ होतो आणि सरळ झाला की लांब होतो. त्या वाढीव लांबीला जागा देण्यासाठी ही कडी झुलते. गंजून किंवा चिखल बसून कडी अडकली तर पाट्याला दबताच येत नाही आणि गाडी दगडासारखी कडक होऊन उडते. अशा गाडीला मालक "पाटे कडक झाले" म्हणतो. खरा दोष एका गंजलेल्या पिनेचा असतो.

पाट्यांवर जळके ऑइल सोडण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. त्याने करकर थांबते हे खरे. पण पाट्यांच्या घासण्याने जी उडी मरत होती ती मरेनाशी होते, आणि ऑइल बुशमध्ये उतरून रबर कुजते. शॉकअप आधीच कमजोर असेल तर ऑइल सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी जास्त उडू लागते, त्याचे कारण हे आहे.

यू-बोल्टचे नट ढिले आहेत का पाहावे. ढिल्या यू-बोल्टाने पाटा आणि एक्सल यांच्यात हालचाल होते आणि मधला बोल्ट कापला जातो. कापला गेल्याची परीक्षा दोरीने होते. स्टेअरिंग सरळ ठेवून एका बाजूच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोरी धरावी, गाठ मारावी, आणि तीच दोरी दुसऱ्या बाजूला लावावी. अंतरात ठळक फरक आला तर एक्सल सरकला आहे. पाट्यांचे काम केल्यावर यू-बोल्ट नवे घालावेत, तिरप्या जोडीने समान आवळावेत आणि चार-पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यावेत. आमच्या गाडीत हेच राहून गेले होते.

चासी आणि एक्सल यांच्या मध्ये रबरी गुटका असतो, तोही पाहावा. पाटे बसलेले असतील तर एक्सल वारंवार त्यावर आदळतो. गुटका चमकत असेल, चिरडलेला असेल, तर पाटे खरोखरच थकले आहेत. इथे मात्र पाट्यांना नवी कमान देणे किंवा पाटे बदलणे हाच इलाज, आणि तो रास्त आहे.

काही पिकअपना पुढे पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंग किंवा पिळाची कांब असते. कांबेच्या गाडीत एक बोल्ट आवळून पुढचा भाग उचलता येतो. उंची मिळते, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात वरचा थांबा आदळतो. शॉकअपची बाकीची परीक्षा तीच.

सहावी तपासणी : चाक हलवून पाहणे

पुढचे चाक जॅकवर उचलावे, ठोकळा लावावा. चाक वरून व खालून धरून हलवावे. हलले तर घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर बेअरिंग ढिले आहे. तरीही हलत राहिले तर किंगपिन किंवा बॉल-जॉइंट झिजला आहे. मग डावी-उजवी बाजू धरून हलवावे. तिथे ढिलेपणा लागला तर टायरॉडची टोके पाहावीत.

किंगपिन व टायरॉड झिजलेल्या जुन्या गाडीत एक भयंकर प्रकार होतो. एक चाक खड्ड्यात आपटले की पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे झपाट्याने फडफडू लागतात आणि स्टेअरिंग हातातून सुटू पाहते. असे झाले तर घाबरून जोरात ब्रेक मारू नये. स्टेअरिंग घट्ट धरून पाय उचलावा आणि वेग हळूहळू कमी करावा, फडफड थांबते. नंतर गाडी दुरुस्त केल्याशिवाय पुन्हा रस्त्यावर काढू नये.

थोडक्यात खूणगाठ

खड्डा गेल्यावर गाडी डुलत राहते, टायरवर वाट्या पडल्या : शॉकअप.
प्रत्येक खड्यावर टुणकन उडते, डुलत नाही : हवा जास्त, किंवा अडकलेली शॅकल.
भरल्यावरच पुढचा भाग तरंगतो : ओझे फार मागे.
ठराविक वेगालाच थरथरते : चाकाचे बॅलन्स किंवा टायर.
आदळून धाडकन आवाज येतो : बसलेले पाटे, गेलेला गुटका.
एक बाजू झुकली, गाडी एका अंगाने ओढते : तुटलेला पाटा, कापलेला मधला बोल्ट.

क्रम मोडू नये. हवा, ओझे, शॉकअप व बुश, पाटे व बंध, शेवटी चाक व किंगपिन. खर्चही याच क्रमाने वाढत जातो. गॅरेजात जाताना "पाटा वाढवा" असे सांगू नये. "खड्डा गेल्यावर तीनदा डुलते, उजवा शॉकअप गार लागतो" असे सांगावे. चांगला मिस्त्री अशा गिऱ्हाइकाचे ऐकतो आणि दुसऱ्या प्रकारचा मिस्त्री त्याला फसवू शकत नाही. तडकलेला पाटा, ढिले किंगपिन आणि फुगलेला टायर या तिन्हींच्या बाबतीत मात्र घरगुती उपाय करू नयेत.

आमच्या पिकअपचे वाढविलेले पाटे काढून टाकले, पुढची शॉकअपची जोडी, बुश आणि यू-बोल्ट नवे घातले. पुढच्या खेपेला तीच रोपे, तोच रस्ता, तोच ड्रायव्हर. ट्रेमधली माती जागेवर होती. रोपवाटिकेतल्या मुलांची आम्ही समक्ष जाऊन माफी मागितली.

शेवटची विनंती. मालवाहू गाडीच्या पाठीमागे माणसे बसविणे कायद्याने मना आहे. गाडी कितीही चांगली असली तरी खड्ड्यावर सर्वांत जास्त उडतो तो पाठीमागचा माणूस, आणि त्याला धरायला काही नसते. लागणीच्या दिवसांत "एवढ्याशा अंतराला काय होतंय" असे आपण सारेच म्हणतो. आम्हीही म्हटले होते. त्या दिवसापासून आमच्या विभागाच्या गाडीत मागे फक्त ट्रे जातात. लागणीच्या बायकांसाठी वेगळी गाडी सांगितली जाते, आणि तिचे भाडे आम्ही लागणीच्या खर्चातच धरतो.

सभासदांनी लागणीपूर्वी एक सकाळ काढून वरील तपासण्या कराव्यात. काही अडले तर गट कार्यालयात शेतकी विभागाकडे निरोप ठेवावा.

— ऊस विकास अधिकारी